नोव्हेंबरची गर्दी आणि दोन वर्षांनंतरची रिकामी लाईन

अमेरिकेत नवा प्रेसिडेंट आला की त्या जानेवारीत सांगलीहून आत्याचा फोन येतो आणि प्रश्न ठरलेला असतो, "नवा प्रेसिडेंट बसला गं, आता आमच्या बाळ्याचं ग्रीन कार्ड होईल ना?" बाळ्या म्हणजे माझा आतेभाऊ, डॅलसला असतो, ग्रीन कार्डच्या रांगेत त्याची तारीख २०१५ ची आहे आणि रांग अजून तिथवर सरकलेलीच नाही. २००९ ला हाच प्रश्न तिने माझ्यासाठी विचारला होता, २०१७ ला, २०२१ ला आणि २०२५ ला बाळ्यासाठी. आत्या रोज बातम्या बघते, ओबामा तर तिचा लाडका, पण एवढ्या लोकांनी रांगा लावून मतं दिली, नवा माणूस आला, मग कामं का होत नाहीत हे काही तिला उमगत नाही, आणि खरं सांगायचं तर इथे वीस-वीस वर्षं राहिलेल्या आपल्या कितीतरी लोकांनाही ते नीट माहिती नसतं. म्हणून एकदा बैजवार लिहायचं ठरवलं. मी काही राज्यशास्त्र शिकलेली नाही, ओहायो राज्यात कोलंबसला २००३ पासून राहते, २०१६ मध्ये सिटिझन झाले आणि तेव्हापासून एकही निवडणूक चुकवलेली नाही, अगदी शाळेच्या बोर्डाची सुद्धा.

आधी टक्केवारी बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्याकडे म्हणतात ना, अमेरिकेत लोक मतदानालाच जात नाहीत, आपल्याकडे बघा कसं ६५-७० टक्के होतं. पण ही तुलना अशी सरळ करता येत नाही हो. २०२४ च्या लोकसभेला ६५.७९ टक्के मतदान झालं असं म्हणतो तेव्हा भागायचं कशाने, तर मतदार यादीत ज्यांची नावं आहेत त्यांच्या संख्येने, म्हणजे साधारण ९७ कोटींनी. अमेरिकेत टक्केवारी काढताना बहुतेक अभ्यासक यादी धरतच नाहीत, ज्यांना ज्यांना मतदानाचा हक्क आहे ते सगळे धरतात, मग त्यांनी नाव नोंदवलेलं असो की नसो. आता इथल्या जनगणना खात्याने २०२४ च्या निवडणुकीनंतर जी पाहणी केली तिचे आकडे बघा: शंभर प्रौढ नागरिकांपैकी ७३-७४ जणांनी नाव नोंदवलेलं होतं आणि ६५ जणांनी मत दिलं. म्हणजे ज्यांनी नाव नोंदवलं त्यांच्यातले शंभरातले ८८-८९ जण मत देऊन आले! आपल्या पद्धतीने मोजलं तर अमेरिका एकदम पुढे दिसेल. अडचण आहे ती उंबऱ्यावर, नाव नोंदवण्यापाशी. एकदा आत आलेला माणूस बहुतेक वेळा मत देतोच.

अजून एक, जुन्या लेखांमध्ये कधी कधी अमेरिकेत राहणाऱ्या अठरा वर्षांवरच्या सगळ्यांनी भागलेलं असतं, त्यात माझ्यासारखे व्हिसावरचे लोक पण आले, म्हणजे २००३ ते २०१६ अशी तेरा वर्षं मी त्या हिशोबात 'मतदान न करणारी' होते, मला हक्कच नव्हता तरी. म्हणून कुठेही टक्का वाचला की आधी बघायचं, खाली कोण मोजलेत.

हे लक्षात ठेवून आकडे पाहिले तर चित्र असं दिसतं. सगळ्यात जास्त मतदान १८७६ साली, जवळपास ८२ टक्के, पण तेव्हा बायकांना हक्कच नव्हता, तो १९२० मध्ये मिळाला. १९२४ मध्ये टक्का निम्म्याच्याही खाली गेला, १९९६ मध्ये कसाबसा निम्म्यावर. २००८ मध्ये साधारण ६२, २०१६ मध्ये ६०, आणि २०२० मध्ये ६६ च्या वर, म्हणजे १९०० सालानंतरचं सर्वात जास्त मतदान, ते सुद्धा कोविडच्या ऐन साथीत, कारण घरबसल्या पोस्टाने मत पाठवायची सोय बऱ्याच राज्यांनी वाढवली. २०२४ मध्ये ६४ च्या आसपास.

आता हा उंबरा एवढा उंच का, तर आपल्याकडे बीएलओ दारात येतो, कधी अंगणवाडीच्या ताई, कधी शाळेतले मास्तर, नावं विचारतात, फॉर्म भरून घेतात. इथे दारात कोणी सरकारी माणूस येत नाही, स्वतः जाऊन नोंदवायचं, आणि घर बदललं की पत्ता पुन्हा नोंदवायचा, आणि इथे लोक भाड्याची घरं सारखी बदलत असतात. ओहायोत निवडणुकीच्या ३० दिवस आधी नोंदणी बंद होते, म्हणजे प्रचाराचा जोर चढून माणसाला वाटेपर्यंत की चला आपणही मत देऊ, तोवर मुदत संपलेली. प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. मिनेसोटात मतदानाच्या दिवशीच नाव नोंदवून तिथल्या तिथे मत देता येतं आणि तिथला टक्का कायम देशात वरच्या नंबरात असतो. नॉर्थ डकोटात नोंदणी हा प्रकारच नाही. ओरेगॉनने २०१६ पासून ड्रायव्हिंग लायसन्सच्या कागदांवरूनच नाव आपोआप यादीत घ्यायला सुरुवात केली. आणि वार कोणता, तर मंगळवार, तोही कामाचा! १८४५ च्या कायद्याने ठरलेला, तेव्हा शेतकरी बैलगाडी-घोडागाडीने मतदानाला जायचे, रविवार चर्चचा, बुधवार बाजाराचा, म्हणून मधला मंगळवार. आता शेतकरी किती उरले, पण वार तोच, आणि देशभर सुट्टी नाही. तासावर पगार मिळणाऱ्या माणसाने दोन तास रांगेत उभं राहायचं म्हणजे दोन तासांचा पगार बुडाला, हे इथे कोणी लक्षातच घेत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

२००८ चं सांगते, कारण ते मी जवळून पाहिलंय. आमच्या शेजारी एक आजी राहायच्या, वय सत्तर, ब्लॅक, हॉस्पिटलातून निवृत्त झालेल्या नर्स, मूळच्या मिसिसिपीच्या. मी एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर, मला मत नाही, पण गाडी होती. ओहायोत मतदानाच्या दिवसाआधी काही आठवडे जाऊन मत देता येतं, कोलंबसमध्ये त्या वर्षी ते सेंटर वेटरन्स मेमोरियल नावाच्या मोठ्या हॉलमध्ये होतं, नदीजवळ, आता ती इमारत पाडून तिथे म्युझियम झालंय. ऑक्टोबरातल्या एका सकाळी मी आजींना घेऊन निघाले. चार वर्षांपूर्वी, २००४ मध्ये, शहरात मशीन कमी पडून लोक पावसात तासन्‌तास उभे होते आणि कितीतरी जण कंटाळून परत गेले, ते सगळ्यांच्या लक्षात होतं, म्हणून यंदा लवकर जायचं असं आजींनी आधीच ठरवलेलं.

गाडीत बसल्यावर कळलं की चष्मा घरी राहिला. मग त्यांनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला, नमुना मतपत्रिका, आणि मला म्हणाल्या तू वाच, मी ऐकते. मी सिग्नलवर थांबले की वाचायचे. मला वाटलेलं ओबामा की मॅकेन, संपलं. पण तो कागद संपेचना! प्रेसिडेंट झाला, मग आमच्या भागाचा काँग्रेसचा उमेदवार, मग राज्याच्या विधिमंडळाचा, मग राज्याच्या सुप्रीम कोर्टाचे जज, मग शेरीफ, सरकारी वकील, काउंटीचा, म्हणजे जिल्ह्याचा, खजिनदार, काउंटीचा इंजिनियर, आणि संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा कॉरोनर, तो सुद्धा निवडून द्यायचा. खाली प्रश्न होते, हो-नाही स्वरूपाचे, एक सावकारी कर्जाचा, म्हणजे पगाराच्या आधी लोकांना भरमसाठ व्याजाने पैसे देणारी दुकानं असतात इथे, त्यांचं व्याज वर्षाला २८ टक्क्यांवर बांधून घालावं का, आणि एक कसिनोला परवानगी द्यावी का. आजींनी प्रत्येक ओळीपुढे पेनाने बारीक खूण केली होती, कॉरोनरपुढे सुद्धा. मी विचारलं, याचं काय एवढं, तर म्हणाल्या, माझ्या आईला यादीत नाव घालू दिलं नाही कधी, तिच्यापुढे राज्यघटनेचं एक कलम ठेवलं आणि म्हणाले याचा अर्थ सांग.

ही काही एकट्या त्यांच्या आईची गोष्ट नाही, मिसिसिपीत अशीच पद्धत होती, अर्थ बरोबर की चूक हे ठरवणार गोरा कारकून. १९६५ मध्ये व्होटिंग राइट्स ॲक्ट आला त्याच्या आधी तिथल्या ब्लॅक प्रौढांपैकी जेमतेम ७ टक्के लोकांची नावं यादीत होती, आणि दोनच वर्षांत ती साठीच्या जवळ पोचली. एका कायद्याने! मतदानाचा टक्का म्हणजे लोकांचा उत्साह एवढंच आपण धरतो, पण दार किती उघडं ठेवलंय हे त्यात आधी येतं.

हॉलमध्ये रांग होती, पण सरकत होती. आजी आत गेल्या, टचस्क्रीन मशीन, बाजूला काचेखाली कागदाची पट्टी, त्यावर आपलं मत छापून दिसतं. बाहेर आल्या तेव्हा डोळे भरलेले, काही बोलल्या नाहीत, कोटावर स्टिकर लावलं आणि म्हणाल्या चल, कॉफी पिऊ.

४ नोव्हेंबरला निकाल लागला, साधारण १३ कोटी १० लाख लोकांनी मत दिलेलं, ओबामांना ६ कोटी ९५ लाख मतं आणि इलेक्टोरल कॉलेजमध्ये ३६५ विरुद्ध १७३. हे इलेक्टोरल कॉलेज थोडक्यात सांगते, प्रत्येक राज्याला लोकसंख्येच्या अंदाजाने काही मतं दिलेली आहेत, एकूण ५३८, त्यातली २७० मिळवली की झालं, आणि दोन राज्यं सोडली तर जो पहिला येतो त्याला राज्याची सगळी मतं. म्हणून देशात जास्त मतं मिळूनही माणूस हरू शकतो, २०१६ ला हिलरी क्लिंटनना जवळपास २९ लाख मतं जास्त होती तरी मिशिगन, विस्कॉन्सिन, पेन्सिल्व्हेनिया मिळून ७८ हजारांच्या आत फरक पडला आणि ट्रम्प आले. त्यामुळे जिथे चुरस तिथे उमेदवार फिरतात आणि लोकही जास्त संख्येने बाहेर पडतात.

२० जानेवारी २००९ ला शपथविधीला वॉशिंग्टनच्या कडाक्याच्या थंडीत अंदाजे १८ लाख लोक जमले होते. अपेक्षा काय होत्या ते आठवा: मंदी संपेल, इराकमधून सैन्य परत येईल, सगळ्यांना आरोग्य विमा मिळेल, दहशतवादाच्या संशयितांना ठेवलेला ग्वांतानामोचा तुरुंग बंद होईल, आणि आमच्यासाठी महत्त्वाचं म्हणजे इमिग्रेशनचा कायदा पहिल्याच वर्षात मार्गी लावू असं त्यांनी प्रचारात सांगितलं होतं. आत्याचा तो पहिला फोन तेव्हाचा.

आणि इथेच समजून घ्यायची गोष्ट आहे. आपल्याकडे पंतप्रधान म्हणजे ज्याच्यामागे लोकसभेत बहुमत आहे तोच, त्यामुळे सरकार आलं की कायदा करायची ताकद सोबतच येते. अमेरिकेत प्रेसिडेंट वेगळा निवडला जातो आणि कायदे करणारी काँग्रेस वेगळी, तिची हाऊस आणि सिनेट अशी दोन सभागृहं, आणि ती त्याच्या पक्षाची असेलच असं काही नाही. त्याच्या स्वतःच्या हातात जे आहे ते म्हणजे आदेश, ज्याला एक्झिक्युटिव्ह ऑर्डर म्हणतात, आणि आधीच्या कायद्याच्या चौकटीत बसणारे नियम. आणि माणसं नेमायची, साधारण ४ हजार जागा, त्यातल्या हजार-बाराशेंना सिनेटची मंजुरी लागते, म्हणजे नवं सरकार 'आलं' असं जानेवारीत म्हणतो तेव्हा निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्याच असतात आणि काही महिनोन्‌महिने रिकाम्या राहतात.

ग्वांतानामोचंच बघा. शपथेनंतर दोन दिवसांनी, २२ जानेवारीला, ओबामांनी सही केली की वर्षभरात हा तुरुंग बंद करायचा. सगळीकडे फोटो, टाळ्या. मे महिन्यात सिनेटने त्यासाठी लागणारे पैसे द्यायला नकार दिला, ९० विरुद्ध ६ मतांनी, म्हणजे त्यांच्याच पक्षाचे बहुतेक लोक विरोधात! सही प्रेसिडेंटची, पण पैशाची किल्ली काँग्रेसकडे. तो तुरुंग ओबामांची आठ वर्षं संपली तरी उघडाच होता. बायडन यांनी २०२२ मध्ये विद्यार्थ्यांची कर्जं माफ करायची घोषणा केली, लाखो लोकांनी अर्ज भरले, जून २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते रद्द केलं. ट्रम्प यांनी २०२५ मध्ये पहिल्याच दिवशी सव्वीस आदेश काढले, त्यातला जन्माने मिळणाऱ्या नागरिकत्वाबद्दलचा आदेश काही दिवसांतच कोर्टाने रोखला. पक्ष कुठलाही असो, नुसत्या सहीवर उभं केलेलं काम कोर्ट थांबवू शकतं आणि पुढचा प्रेसिडेंट दुसऱ्या सहीने पुसून टाकू शकतो.

सहीने काहीच होत नाही असंही नाही हं. एच-फोर, म्हणजे एच-वन-बीवाल्यांच्या कुटुंबाच्या व्हिसावर आलेल्या बायकांना नोकरी करता यायची नाही, माझ्या ओळखीच्या इंजिनियर, डॉक्टर, सीए मुली वर्षानुवर्षं घरी बसल्या होत्या, त्यांच्यातल्या ज्यांच्या नवऱ्याची ग्रीन कार्डची फाईल ठराविक टप्प्यावर पोचली होती त्यांना मे २०१५ पासून कामाची परवानगी मिळाली, ती ओबामा सरकारने नियम बदलून दिली, काँग्रेसला न विचारता. माझी एक मैत्रीण पहिल्या पगाराच्या दिवशी माझ्या किचनमध्ये बसून रडली होती. पण ग्रीन कार्डची संख्या? नोकरीवर आधारित वर्षाला १ लाख ४० हजार, त्यात बायको-मुलंही मोजलेली, आणि कुठल्याही एका देशाला साधारण ७ टक्क्यांहून जास्त नाही, मग तो देश भारत असो नाहीतर आइसलँड. हे आकडे १९९० च्या कायद्यात आहेत. कायद्यातला आकडा प्रेसिडेंटला सहीने बदलता येत नाही, तो बदलायला काँग्रेसच लागते. बाळ्याची रांग त्यामुळे आहे.

मग काँग्रेस काय करत होती? ओबामांच्या सुरुवातीला दोन्ही सभागृहं त्यांच्या डेमोक्रॅटिक पक्षाकडे होती. पण सिनेटमध्ये नुसतं बहुमत पुरत नाही, शंभरातले साठ लागतात, नाहीतर विरोधक चर्चाच संपू देत नाहीत आणि कायदा अडकतो, बजेटशी जोडलेले काही कायदे तेवढे साध्या बहुमताने जातात. ते साठ डेमोक्रॅट्सकडे जेमतेम काही महिने होते. जुलै २००९ मध्ये मिनेसोटाच्या जागेचा वाद मिटून साठावा सभासद आला, ऑगस्टमध्ये त्यांचेच सिनेटर टेड केनेडी वारले, आणि जानेवारी २०१० मध्ये त्यांच्या मॅसॅच्युसेट्सच्या जागेवर रिपब्लिकन निवडून आला. संपले साठ. त्या थोड्या महिन्यांत सगळा जोर आरोग्य विम्यावर लागला, सिनेटने तो ख्रिसमसच्या आदल्या दिवशी बरोबर ६० मतांनी पास केला आणि मार्च २०१० मध्ये त्यावर सही झाली. त्याआधी फेब्रुवारी २००९ मध्ये मंदीसाठी ७८७ अब्ज डॉलरचं पॅकेज झालं होतं. इमिग्रेशनचा नंबर लागलाच नाही. मला स्वतःला वाटतं की विमा आधी घेतला ते बरोबरच होतं, माझ्या शेजारच्या आजींच्या मुलीला आधीच्या आजारपणामुळे विमा मिळत नव्हता, तो पुढे याच कायद्याने मिळाला, पण प्रत्येक गोष्टीसाठी वेळ एकच आणि तो फार थोडा असतो हे आपल्या लक्षात येत नाही.

आता नोव्हेंबर २०१०. याला मिडटर्म म्हणतात, प्रेसिडेंटच्या मुदतीच्या मध्यावर होणारी निवडणूक, हाऊसच्या सगळ्या ४३५ जागा आणि सिनेटच्या एक तृतीयांश. आजींना या वेळी मी मतदानाच्या दिवशीच नेलं, आमच्याच भागातल्या शाळेच्या जिममध्ये. बास्केटबॉलच्या कोर्टवर टेबलं मांडलेली, मशीन रांगेने उभी, आणि माणसं? आम्ही गेलो तेव्हा आत तीन जण होते. टेबलापलीकडे बसलेली बाई स्वेटर विणत होती. आजींनी आजूबाजूला बघितलं आणि मला म्हणाल्या, "सगळे कुठे गेले?"

देशभर तेच झालं होतं. २००८ चा ६२ टक्क्यांचा आकडा ४१ वर आला, म्हणजे १३ कोटींचे ९ कोटी, चार कोटी माणसं घरी बसली. तिशीच्या आतली पोरं २००८ मध्ये निम्मी आली होती, २०१० मध्ये चारातलं एक आलं. डेमोक्रॅट्सनी हाऊसमधल्या ६३ जागा गमावल्या. सगळा दोष घरी बसलेल्यांचाच असं मी म्हणणार नाही, बेकारी ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर गेली होती आणि वर्षभराने सुद्धा फारशी उतरली नव्हती, लोक चिडलेले होते, काहींनी मत बदललंही. आणि मिडटर्मला टक्का कमी हे कायमचंच आहे, २०१४ मध्ये तर ३६-३७ वर गेला, दुसऱ्या महायुद्धाच्या काळानंतरचा सगळ्यात कमी, २०१८ मध्ये मात्र निम्म्यापर्यंत चढला, जे शंभर वर्षांत झालं नव्हतं. पण २०१० ची गोष्ट वेगळी आहे कारण ते वर्ष जनगणनेचं होतं.

दर दहा वर्षांनी जनगणना झाली की मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखतात, आणि अमेरिकेत बऱ्याच राज्यांत त्या राज्याचं विधिमंडळच आखतं, म्हणजे सत्तेत असलेला पक्ष. आपल्याकडे त्यासाठी वेगळा आयोग असतो, इथे खेळाडूच मैदान आखतात. २०१० मध्ये ओहायोत गव्हर्नरची निवडणूक रिपब्लिकन पक्षाने ८० हजारांच्या आतल्या फरकाने जिंकली, विधिमंडळ पण त्यांच्याकडे गेलं, आणि नकाशा त्यांनी काढला. दोन वर्षांनी, २०१२ मध्ये, ओबामा पुन्हा उभे, पुन्हा रांगा लागल्या, ओबामांनी ओहायो परत जिंकलं. आणि त्याच दिवशी, त्याच मतदारांनी, त्याच मशीनवर दिलेल्या मतांतून ओहायोच्या काँग्रेसच्या १६ जागांपैकी १२ रिपब्लिकन पक्षाला गेल्या. २०२० पर्यंत दर वेळेला १२ आणि ४, एकही जागा हलली नाही. त्या रिकाम्या जिमची किंमत दहा वर्षं चालली. बाकी काही राज्यांत हेच काम डेमोक्रॅट्सनी त्यांच्या बाजूने केलंय, हे पण सांगायला हवं.

आता आत्याच्या प्रश्नाकडे येते. जून २०१३ मध्ये सिनेटने इमिग्रेशनचा मोठा कायदा पास केला, ६८ विरुद्ध ३२, दोन्ही पक्षांची मतं मिळून. त्यात नोकरीच्या ग्रीन कार्डावरची ती देशानुसारची ७ टक्क्यांची मर्यादा काढून टाकलेली होती. आमच्या ऑफिसातल्या आपल्या लोकांनी त्या दिवशी पेढे वाटले होते, खरंच. प्रेसिडेंट सही करायला तयार बसलेला. राहिलं होतं फक्त हाऊस. आणि हाऊस २०१० मध्ये फिरलेलं, हाऊसचे अध्यक्ष, म्हणजे स्पीकर, जॉन बेनर, आमच्या ओहायोचेच. त्यांनी ते बिल मतदानाला घेतलंच नाही. हरलं नाही, नामंजूर झालं नाही, मांडलंच गेलं नाही, आणि २०१४ संपता संपता ते आपोआप रद्द झालं. बाळ्याची फाईल पुढच्याच वर्षी रांगेत लागली.

म्हणून जेव्हा कुठलाही नवा प्रेसिडेंट येतो आणि म्हणतो की देशाने मला कौल दिलाय, तेव्हा मी मनात भागाकार करते. २०२४ ला ट्रम्प यांना ७ कोटी ७३ लाख मतं, कमला हॅरिस यांना ७ कोटी ५० लाख, आणि हक्क असून मत न देणारे या दोघांपेक्षाही जास्त. २००८ ला ओबामांना सुद्धा हक्क असलेल्यांपैकी तिनातल्या एकानेच मत दिलं होतं. म्हणजे प्रेसिडेंट साधारण तीनातल्या एकाच्या मतावर येतो आणि तिघांच्या अपेक्षा घेऊन बसतो. काही करायचं तर पहिली दोन वर्षं, तीही हाऊस सोबत असेल तर, म्हणूनच २०२५ मध्ये ट्रम्प यांचा करांचा मोठा कायदा बजेटच्या त्या साध्या बहुमताच्या वाटेने गेला आणि सिनेटमध्ये ५०-५० झाल्यावर उपाध्यक्षांच्या एका मताने पास झाला.

आणि कमी मतदानाच्या निवडणुकीत एकेक मत किती जड होतं याचं आपल्या जवळचं उदाहरण आहे. बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ च्या मिडटर्ममध्ये डेट्रॉइटहून काँग्रेसवर गेले. तो मतदारसंघ पक्का डेमोक्रॅट, त्यामुळे खरी निवडणूक ऑगस्टमधली पक्षांतर्गत प्रायमरी, त्यात नऊ उमेदवार होते आणि ते २८ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन जिंकले. ऑगस्टच्या उन्हात, बातम्यांमध्ये फारसं नाव नसताना जे थोडे लोक मतदानाला गेले त्यांनी ठरवलं की सगळ्या मतदारसंघाच्या वतीने वॉशिंग्टनला कोण बसणार.

आजी २०१९ मध्ये गेल्या. शेवटची निवडणूक त्यांनी २०१८ ची केली, तीही मिडटर्म, या वेळी मला स्वतःचं मत होतं, आम्ही दोघी एकाच रांगेत उभ्या राहिलो आणि त्यांच्या कागदावर पुन्हा जजपासून काउंटी ऑडिटरपर्यंत खुणा होत्या. तो कागद मी त्यांच्याकडून मागून घेतला.

२०२५ च्या जानेवारीत आत्याचा फोन आला तेव्हा मी हे सगळं तिला सांगितलं, पाऊण तास लागला. सिनेटचे साठ, हाऊसमधले ४३५ आणि त्यातल्या बहुमताला लागणारे २१८, १९९० चा कायदा, सगळं. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी इतकी वर्षं चुकीच्या माणसाचं नाव घेऊन विचारत होते की. ते दोनशे अठरा परत कधी निवडतात?"

मी म्हटलं, दर दोन वर्षांनी, आता २०२६ च्या नोव्हेंबरात.

"मग मी तेव्हा फोन करते," ती म्हणाली.